विश्लेषण : वणव्यातला रस्ता वाचवण्यासाठी लेझरची नजर किती उपयोगी?

पोर्तुगालमधील पेद्रोगाव ग्रांद परिसरात १७ जून २०१७ रोजी भडकलेल्या वणव्याने ६६ बळी घेतले. त्यापैकी ४७ जण एन-२३६-१ या एकाच रस्त्यावर दगावले, अनेक जण तर आपल्या मोटारीतच. ही माणसे आगीपासून दूर पळत होती. पण सुटकेची वाटच आगीने वेढली गेली. रस्त्याकडेचे रान लेझरने मोजण्याच्या तंत्राकडे या घटनेच्या संदर्भात पाहायला हवे.

नियम काय होता?

वनक्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना किमान १० मीटर पट्ट्यातील झाडोरा विरळ ठेवण्याची जबाबदारी पोर्तुगालच्या २००६ च्या कायद्याने रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेवर टाकली होती. आपल्याकडे वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो, त्याच जातीचा हा उपाय. मात्र येथे सगळी झाडे तोडायची नसतात. गवत, झुडपे, खालच्या फांद्या आणि शेंडा अशी आगीची शिडी मोडायची असते. पट्टा असा राखला, की रस्त्यालगत ज्वाळांची उंची आणि धग कमी होते.

लेझर नेमके काय मोजतो?

लायडार यंत्र दर सेकंदाला लाखो लेझर स्पंद सोडते. स्पंद पानावर, खोडावर किंवा जमिनीवर आपटून परततो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. परतीच्या वेळेत एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात सुमारे १५ सेंटीमीटरचा फरक. अशा असंख्य बिंदूंतून रस्त्याकडेचे त्रिमितीय चित्र तयार होते. साध्या उपग्रह छायाचित्रात झाडांचा वरचा थर दिसतो. लेझरचे काही स्पंद मात्र पानांच्या फटींतून खाली पोहोचतात, त्यामुळे झुडपांची उंची, खालच्या फांद्या आणि दोन झाडांच्या शेंड्यांमधले अंतरही कळते. यंत्र मोटारीवर बसवले तर रस्त्यालगतचा तपशील बारकाईने मिळतो. झुडपांच्या भिंतीमागचे पाहायचे तर विमान किंवा ड्रोन लागतो.

मर्यादा कोणत्या?

झुडूप हिरवे आहे की वाळून कोळ झाले आहे, हे लेझरचा बिंदू खात्रीने सांगत नाही. त्यासाठी उपग्रहाची माहिती, हवामानाच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणी हवीच. जमिनीलगतचे आखूड गवतही नीट पकडता येत नाही. शिवाय निलगिरी तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून एकदाच केलेली मोजणी लवकर शिळी होते. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. पेद्रोगाव ग्रांदची आग असाधारण होती आणि वाऱ्यावर उडणाऱ्या ठिणग्या १० मीटरचा पट्टा सहज ओलांडतात. पट्टा साफ असता तर सगळे वाचले असते, असा दावा कुणी करू नये.

मग खर्च कशासाठी?

कारण खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. पट्टा साफ केल्याची नोंद कागदावर होते. तो खरोखर साफ आहे का, हे शेकडो किलोमीटर चालत कोण पाहणार? आणि आग लागल्यावर तर पुरावाच जळून जातो. पेद्रोगाव ग्रांद खटल्यात रस्त्याकडेचा पट्टा राखला नाही, हाही आरोप होता. २०२२ मध्ये सर्व ११ आरोपी निर्दोष ठरले. निकालाच्या गुणदोषांत न शिरताही एक गोष्ट पटते. आगीपूर्वीची, तारखेनिशी केलेली मोजणी हाताशी असेल, तर पट्ट्याच्या अवस्थेविषयीचा वाद आठवणींवर सोडावा लागत नाही. ती निर्दोष अधिकाऱ्यालाही तितकीच तारते.

म्हणून यंत्र घेताना तीन अटी हव्यात. मोजणी उन्हाळ्यापूर्वी, तोडणीला वेळ राहील अशी व्हावी. ज्या गावांना बाहेर पडायला एकच रस्ता आहे, त्यांचा क्रमांक पहिला असावा. आणि नकाशे लोकांसाठी खुले असावेत, म्हणजे आपल्या वाटेवर कुठे रान माजले आहे हे गावकऱ्याला विचारता येईल. या अटी नसतील, तर लेझर फक्त धोक्याचे देखणे चित्र काढेल. झुडूप शेवटी कोयत्यानेच तोडावे लागते. कोयता कुठे आधी चालवायचा आणि तो चालवला की नाही, एवढेच यंत्र सांगू शकते. सुटकेच्या रस्त्यासाठी तेवढेही थोडके नाही.