परळीच्या जुन्या थर्मलची माती आधी तपासा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, महानिर्मिती, मुंबई
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई



परळीच्या औष्णिक वीज केंद्राबद्दल परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीहून पत्र का, असा प्रश्न आपल्याला पडेल. रेल्वेने पाहिले तर गंगाखेड ओलांडले की परळी आलीच. तिकडचे लोक आमच्या नृसिंहाला येतात, आम्ही वैजनाथाला जातो. पण पत्राचे खरे कारण पाणी आहे. थर्मलला गोदावरीचे पाणी मिळते ते आमच्याच जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्याच्या खडका बंधाऱ्यातून. फेब्रुवारी 2013 मध्ये तिथे पाणी उरले नाही, तेव्हा परळीत त्या वेळी चालू असलेले पाचही संच, म्हणजे 1130 मेगावॅट, बंद ठेवावे लागले होते. आणि परळीचा उतार गोदावरीकडे आहे. तिथल्या जमिनीवरून आणि जमिनीतून जे वाहते, ते कधी ना कधी आमच्याच दिशेने येते.

परळीला 1971 मध्ये 30 मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. पुढे 1980 ते 1987 या काळात 210 मेगावॅटचे तीन संच आले. हे पाचही जुने संच आज वापरातून गेले आहेत. 250 मेगावॅटचे तीन नवे संच तेवढे उरले आहेत. जुन्या यंत्रांचे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे : निविदा निघते, गॅस कटर लागतो, लोखंड आणि तांबे भंगारात जाते. माझा प्रश्न त्यानंतर मागे राहणाऱ्या जमिनीचा आहे.

आधी राख. कोळसा जळतो तेव्हा त्यातले आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, सेलेनियम राखेत एकवटते. ती राख पाण्यात कालवून दाऊतपूर, दादाहरी वडगावच्या बाजूच्या तळ्यांत दशकानुदशके सोडली गेली. तळ्याच्या तळाला अस्तर नसेल, तर पाणी मुरताना यातले काही विरघळून विहिरी-बोअरपर्यंत पोचू शकते. उन्हाळ्यात वारा सुटला की तीच राख पिकांच्या पानांवर आणि घरातल्या भांड्यांवर बसते. 2025 च्या सुरुवातीला परळीची राख राज्यभर गाजली, पण ती राखेतल्या पैशांमुळे. राखेचे हायवा ट्रक कुणाचे, ठेका कुणाचा, वीटभट्ट्यांना राख कोण पुरवतो, यावर रकाने भरले. राखेखालच्या पाण्यात काय उतरले आहे, हे मात्र कुणी विचारले नाही.

आता प्रत्यक्ष जुन्या संचांची जागा. कोळशाचा बॉयलर पेटवायला आधी फर्नेस ऑइल लागते. त्याच्या टाक्या, नळ, गळती. बॉयलरसाठी पाणी शुद्ध करायला आम्ल आणि कॉस्टिक सोडा. त्या काळातल्या वाफेच्या नळांवर आणि छपरांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरला जाई. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची रसायने असू शकतात. केंद्र सरकारच्या 2016 च्या आदेशाने अशा उपकरणांच्या वापराला 31 डिसेंबर 2025 ही शेवटची मुदत दिली होती. परळीत यातले काय होते, किती होते आणि कुठे गेले, याचा हिशेब लोकांसमोर यायला हवा. यातली प्रत्येक गोष्ट तिथे सापडेलच असे मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कुणालाच ते सांगता येणार नाही, आपल्यालाही नाही.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. कोळशावरचे वीज केंद्र मोडीत काढताना पर्यावरणाची काळजी कशी घ्यावी, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्येच काढल्या. त्याच वर्षी 31 डिसेंबरला निघालेल्या राखेच्या अधिसूचनेने जुन्या साठलेल्या राखेचीही मुदतीत विल्हेवाट लावण्याची जबाबदारी केंद्रांवर टाकली. जुलै 2025 मध्ये दूषित जागांचे नियम आले. त्यांनुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आणि राज्य मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परळीचे नाव त्या यादीत घालावे, आणि त्यासाठी महानिर्मितीने स्वतःहून पत्र द्यावे. सरकारी कंपनीने नोटिशीची वाट पाहू नये.

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे उदाहरण समोर आहे. 1991 च्या नियमापासून 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत वाद चालला तो वाटणीचा : पालिकेला किती, म्हाडाला किती, मालकाला किती. वर्षानुवर्षे रंगखाते चाललेल्या जमिनीत काय मुरले, हा त्या भांडणाचा विषय कधी झालाच नाही. भोपाळचा कारखाना डिसेंबर 1984 मध्ये बंद झाला आणि तिथला 337 टन घातक कचरा हलवायला जानेवारी 2025 उजाडला. तोही साठवून ठेवलेला कचरा. मातीत आणि भूजलात गेलेले विष तिथेच आहे. परळी म्हणजे भोपाळ नव्हे, हे मला कळते. पण तपासणी जितकी लांबते तितके दूषित पाणी पसरत जाते आणि खर्च वाढतो, हे दोन्हीकडे सारखेच.

अशा तपासणीची पहिली पायरी यंत्राची नसते, आठवणीची असते. कोणती टाकी कुठे होती, तेल कुठे सांडायचे, गाळ कुठल्या खड्ड्यात टाकला, हे नकाशात सापडत नाही. जुने संच राज्य विद्युत मंडळाच्या काळातले. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन झाले तेव्हा किती कागद नीट हाती आले असतील? पण त्या संचांवर उमेदीची वर्षे घालवलेले निवृत्त फिटर, ऑपरेटर, ठेक्यावरचे मजूर परळीत आणि आसपासच्या गावांत आहेत. त्यांना बोलावून जागेवर फिरवा, ते बोटाने दाखवतील. सत्तरीच्या पुढे गेलेली ही माणसे अजून दहा वर्षांनी भेटणार नाहीत. बोअर कुठे घ्यायचे ते त्यांच्या सांगण्यावरून ठरवा, नमुन्यांची तपासणी महानिर्मितीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून करवून घ्या. विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासा, कारण भूजलाची पातळी बदलली की आकडेही बदलतात. नमुने कुंपणाच्या आतच घेऊन थांबू नका. उतारावरच्या गावांच्या विहिरी, सोनपेठ तालुक्याच्या हद्दीपर्यंत, त्यात याव्यात.

त्या जागेवर सौर प्रकल्प येवो, नवा संच येवो की कारखाना, माझा विरोध नाही. परळीला रोजगार हवाच आहे. फक्त ही तपासणी पूर्ण होऊन अहवाल लोकांसमोर येईपर्यंत जुन्या संचांची जमीन कुणाला देऊ नका आणि पाया खणू नका. अहवाल मराठीत असावा, आणि त्याची एकेक प्रत परळी, सोनपेठ व गंगाखेडच्या तहसील कार्यालयांत कुणालाही वाचता येईल अशी ठेवावी. हे काम कधी सुरू होईल आणि मंडळाचा कोणता अधिकारी त्याला जबाबदार असेल, एवढे आपण दोघांनी लेखी कळवावे.

आपला,
पोखर्णी (नृसिंह), जि. परभणी येथील एक शेतकरी