जातगणनेचे आकडे येतील, ते वाचणार कोण?

जनगणनेत जातगणना घेण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. आकडे येतील, ते वाचायला आपण तयार आहोत का?

'नोकरीत भेदभाव होतो' असे आपण म्हणतो. समोरचा 'पात्रताच कमी' म्हणून मोकळा होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी याला पुराव्याने उत्तर दिले. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बाकी सारे समान ठेवून एकच गोष्ट बदलायची, ही त्याची ताकद.

बाबासाहेबांचा १९२३चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथही आकड्यांच्या आधारेच वाद घालतो.

सुरुवात कशी करायची? श्रमबल आणि कर्ज-गुंतवणूक सर्वेक्षणांची कुटुंबनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालय मोफत देते. त्यावर आधारलेल्या शोधनिबंधातला एक तक्ता निवडा आणि स्वतः पुन्हा काढून पाहा. जुळला नाही तर का, ते शोधा. खरे शिक्षण तिथेच होते. आपल्या बाजूने न बोलणारा आकडाही लपवू नका. नाहीतर उरलेल्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक टेबल या कामासाठी ठेवूया. जय भीम!