ओढ्याकडचा बांध

यंदा भाईजाननी बांधावर तणनाशक मारायला पंप भरला, तेव्हा मी म्हटलं, ओढ्याकडचा बांध तेवढा सोडा. तिथे लाल मुनिया येतात.

चिमणीहून लहान पाखरू. पावसाळ्यात नर लालभडक, अंगावर पांढरे ठिपके. मादी मातकट, पण चोच आणि शेपटीचं मूळ लाल. फजरनंतर ओढ्याकाठी गुपचूप उभे राहा. बारीक चिवचिव येते आणि गवताचा तुरा वाकतो. जमिनीलगत, दाट गवतातच त्यांचं गोल घरटं असतं. म्हणून बी झडेपर्यंत तिथे विळा नको. जवळ परळात उथळ पाणी ठेवा, मूठभर राळा पसरा.

त्यांचं इंग्रजी नाव ‘अवदावत’ हे अहमदाबादवरून पडलं. तिथून त्या पिंजऱ्यातून परदेशी जात. आज मुलांनी हट्ट केला तरी विकत घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

“आणि बाजरीवर पडल्या तर?” भाईजाननी विचारलं. प्रश्न खोटा नाही. चार कणसं जातीलच. पण पेरलेल्यातलं पाखराने खाल्लं तरी तो पेरणाऱ्याचा सदका, ही हदीस लहानपणी मला त्यांनीच सांगितली होती.

ते काही बोलले नाहीत. अलीकडचा बांध फवारला आणि ओढ्याच्या अलीकडेच पंप उतरवला.