एका खोलीतील मुक्काम

आई-वडील विभक्त झाल्यावर मुलाने दुसऱ्या पालकाकडे रात्री राहावे का, हा प्रश्न निघाला की पहिला आक्षेप जागेचा येतो. मी शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असून भाड्याच्या एका खोलीत राहतो. मुलगा लोणंदला आईजवळ. ‘दिवसा भेटा, संध्याकाळी आणून सोडा, तिथे तो झोपणार कुठे?’ असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरविले. पहिले वर्षभर आम्ही बापलेक रसवंतीगृहात नाहीतर एसटी स्थानकाच्या बाकावर भेटलो.

या शाळेच्या वसतिगृहात वाढलेल्या माणसाला हा आक्षेप पटणे कठीण. पत्र्याची पेटी, भिंतीवरची खुंटी आणि अंथरुणापुरती जागा, एवढेच आमचे होते. पण सुट्टीहून परतल्यावर ते तिथेच सापडे. बाबासाहेबांच्या परळच्या चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडाची हकीकत आपण सारे जाणतो. दोघांना एका वेळी झोपण्यास जागा नसे, म्हणून रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला अभ्यासास उठवीत आणि मग त्याच्या जागी आडवे होत.

कायदाही खोल्या मोजीत नाही. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम १३ मुलाचे हित सर्वोपरी मानते. यशिता साहू खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने तर दोन्ही पालकांचे प्रेम व सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे. जिथे मारहाण वा व्यसन आहे, तिथे मात्र दहा खोल्या असल्या तरी मुक्कामाचा हट्ट कोणी धरू नये.

दिवसाच्या भेटीत मूल पाहुणे असते. त्याला काय खाऊ घालावे, कुठे न्यावे, यातच वेळ सरतो. अखेर मुक्कामाला होकार दिला तो त्याच्या आईनेच, नातलगांना न जुमानता; हे येथे नोंदविणे मला अगत्याचे वाटते. पहिल्या रात्री दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने मुलाने विचारले, “पप्पा, मला इथे आवडलं तर आईला वाईट वाटेल का?” हा प्रश्न बाकावर बसून त्याने कधीच विचारला नसता. मी म्हणालो, “तूच तिला सांगून बघ.”

त्याने सांगितले असावे. पुढच्या शनिवारी तिने पिशवीत त्याची जुनी गोधडी घालून पाठविली. ती आता माझ्याकडेच असते.