क्रेडिट मिळाले, काम कुठे शिकवलं?

ऑन जॉब ट्रेनिंग संपवून आलेल्या आपल्या मुलामुलींना विचारा, तिथे काय शिकलात? अनेकांचं उत्तर एका दमात संपतं. झेरॉक्स काढल्या, फायली लावल्या, एक्सेलमध्ये नावं भरली. "जाऊ दे, क्रेडिट तर मिळाले," म्हणून विषय मिटतो. तो असा मिटू देता कामा नये.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर वर्गाला या ट्रेनिंगचे ४ क्रेडिट आहेत, म्हणजे साधारण १२० तास. कल्पना चांगली आहे. प्रश्न असा की जागा कोण शोधणार? कित्येक कॉलेजं हात वर करतात, तुमचं तुम्ही बघा म्हणतात. आणि इथेच जात कामाला लागते. ज्याचा मामा सीए आहे तो खऱ्या ऑडिटला बसतो. ज्याचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्याच्या फोनमध्ये कोणत्या सीएचा नंबर असणार? तो मिळेल त्या दुकानाचं पत्र आणतो. दोघांच्या गुणपत्रिकेवर ४ क्रेडिट सारखेच दिसतात. मुलाखतीत मात्र एकाला काम येतं, दुसऱ्याला येत नाही. मग "यांच्यात मेरिटच नसतं" म्हणायला हीच व्यवस्था मोकळी!

हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याचा विटाळ होई. जास्त पगाराचं कसब तिथेच होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९४२ मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाईसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिष्यवृत्त्यांबरोबर आणखी एक मागणी होती : सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या. नुसती पदवी पुरत नाही, कसब जिथे असतं त्या खोलीत शिरकाव हवा, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

कोणी म्हणेल, सुरुवातीला सगळ्यांनाच हलकी कामं करावी लागतात. मान्य. पण मग ती सगळ्यांना द्या, आणि पहिल्या आठवड्यात संपवा. एकाने १२० तास झेरॉक्स काढायची आणि दुसऱ्याने साहेबाशेजारी बसून शिकायचं, याला अनुभव म्हणत नाहीत. बाबासाहेब ज्याला श्रमिकांची विभागणी म्हणत, ती हीच.

पैशाचं तर बोलायलाच नको. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात करार आहे, विद्यावेतन आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत. ऑन जॉब ट्रेनिंगचा विद्यार्थी सहसा त्या कायद्याच्या बाहेरच राहतो. संध्याकाळी डिलिव्हरी करून खोलीभाडं भरणाऱ्या पोराने हे तास फुकट द्यायचे, वर एसटीचं भाडंही स्वतःच भरायचं. फुकट राबणं ज्याला परवडतं त्याचाच अनुभव वाढणार, हे उघड आहे.

तेव्हा निराश होऊन गप्प बसू नका. जिथे शिकता तिथल्या प्राचार्यांना लेखी निवेदन द्या. जागा मिळवून देण्याची जबाबदारी कॉलेजची असावी. कोणाला कुठे पाठवलं याची यादी सूचनाफलकावर लागावी. पहिल्याच दिवशी काय शिकवणार ते कागदावर मिळावं आणि मधल्या काळात प्राध्यापकाने प्रत्यक्ष जाऊन पाहावं. प्रवासखर्च आणि विद्यावेतन मिळावं. आणि रोज काय काम दिलं ते स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहा. ती वही उद्या आपला पुरावा आहे.

आपल्यातले जे अधिकारी, वकील, इंजिनिअर झाले, त्यांनाही एक सांगणं आहे. १४ एप्रिलला वर्गणी देता, चांगलंच आहे. यंदा वस्तीतल्या एका विद्यार्थ्याला आपल्या टेबलाशेजारी खुर्ची द्या, आणि त्याला खरं काम शिकवा.

जय भीम!