सेवांचा परदेशी व्यापार आणि आपली मुले

कोल्हापूरचा गूळ परदेशी जातो तेव्हा त्याचे रवे बंदरात चढविलेले दिसतात. परंतु अमेरिकेतील रुग्णालयाचे देयक अथवा इंग्लंडमधील विमेदाराचा अर्ज पुण्याजवळच्या हिंजवडीत तपासला जातो, तेव्हा काहीच चढविले जात नाही. काम तारेतून येते व तारेतूनच परत जाते. हाही परदेशी व्यापारच होय. १९९५ साली अमलात आलेल्या जागतिक करारात त्याला रीतसर स्थान आहे, आणि २०२४-२५ या वर्षी भारताची सेवांची निर्यात सुमारे ३८७ अब्ज डॉलरची झाली.

आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पोटाचा आहे. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. पुढे घटनेच्या सोळाव्या कलमाने राखीव जागांची वाट साऱ्या देशात मोकळी केली. परंतु ते कलम सरकारी नोकरीपुरते आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींच्या दाराशी ते थांबते. तेथे आपली मुले शिरली ती बहुधा खालच्या पायरीवरून: आकडे भरणे, अर्ज पडताळणे, रात्रपाळीत परदेशी गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकणे. ही हमाली आहे, असे काही विद्वान म्हणतात. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पगार येत आहे, त्यांनी ते खुशाल म्हणावे.

नेमकी हीच पायरी यंत्र काढून घेऊ लागले आहे. मजुरी स्वस्त म्हणून काम आपल्याकडे येत असे. आता संगणकाची आज्ञावलीच अर्ज वाचते व उत्तर देते; मग ते समुद्रापलीकडे धाडावे कशाला? २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ती बव्हंशी मधल्या व वरच्या श्रेणीची होती, आणि कारण यंत्र नसून कौशल्याचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. घटकाभर ते खरे मानू. तरी नवे कौशल्य शिकण्यास ज्याच्यापाशी पैसा नाही, सवड नाही, त्याने काय करावे?

यंत्रास आमचा विरोध नाही. परंतु कोल्हापुरास आयटी पार्क हवे, ही मागणी जुनी आहे. आणि अशा उद्योगांना सरकार जमीन व सवलती देते ती सर्वांच्या पैशातून. तेव्हा शिकाऊ उमेदवारांच्या जागा किती, त्यांचे शिक्षण कोणाच्या खर्चाने, आणि त्यांत आपल्या मुलामुलींचा वाटा कोणता, हे जमिनीच्या करारातच लिहून घेतले पाहिजे.