आरएस-४८५ की कॅन? कोष्टकात न दिसणारा निकष

लिफ्ट असो, बॅटरींची खोली असो की कारखान्यातली यंत्रांची रांग असो. अनेक उपकरणे तारांच्या एकाच जोडीवर आणायची ठरली की आरएस-४८५ घ्यावे की कॅन, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बहुधा एका कोष्टकावरून दिले जाते. आरएस-४८५ : १० मेगाबिट, १२०० मीटर, चिप स्वस्त. कॅन : १ मेगाबिट, ४० मीटर, मोटारगाड्यांसाठी. मग गाड्या वगळता बाकी सगळीकडे आरएस-४८५ योग्य, असा निर्णय होतो. हा निर्णय मला मान्य नाही. कोष्टकातले आकडे खोटे नाहीत, पण ते वेग आणि अंतर यांबद्दल बोलतात. बस, म्हणजे ही सामाईक तारांची जोडी, निवडताना त्याआधी ठरवायला हवे ते हे, की या तारांवर कोणकोणत्या उपकरणांना आपणहून, कोणी विचारायची वाट न पाहता बोलावे लागणार आहे.

आधी ते आकडेच नीट वाचू. १० मेगाबिट आणि १२०० मीटर या दोन्ही गोष्टी आरएस-४८५ कडून एकाच वेळी मिळत नाहीत; १२०० मीटर तार ओढली की वेग १०० किलोबिटच्या आसपास आणावा लागतो. कॅनच्या ४० मीटरचे कारण निराळे आहे. कॅनमध्ये प्रत्येक नोड, म्हणजे तारेला जोडलेले प्रत्येक उपकरण, आपण पाठवलेला बिट तारेवर तसाच दिसतो का, हे तो बिट संपायच्या आत तपासतो. तारेतून सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ४० मीटरवर जाऊन-येऊन ४०० नॅनोसेकंद गेले, त्यात दोन्हीकडच्या चिपचा विलंब मिळवला की १ मेगाबिटच्या १००० नॅनोसेकंदांत फारसे काही उरत नाही. पण वेग ५० किलोबिटवर आणला की एक बिट २० मायक्रोसेकंदांचा होतो आणि एक किलोमीटरची तार त्यात बसते. किलोमीटरभराच्या कामात दोघांमधला फरक असा जेमतेम दुपटीचा राहतो.

खरा फरक बोलण्याच्या शिस्तीत आहे. १९८३ साली आलेले आरएस-४८५ हे केवळ विद्युत-मानक आहे. व्होल्टेज किती, भार किती, रिसीव्हरने २०० मिलिव्होल्टचा फरक ओळखायला हवा, एवढेच ते सांगते. कोणी कधी बोलावे याबद्दल ते गप्प आहे. दोन ड्रायव्हर एकदम चालू झाले तर ते एकमेकांविरुद्ध करंट ढकलतात आणि दोघांचाही संदेश वाया जातो. म्हणून त्यावर बहुधा मॉडबस चालवतात : एक मास्टर प्रत्येकाला पाळीपाळीने विचारतो आणि बाकीचे विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅनमध्ये दोघे एकदम बोलू लागले तरी ज्याचा ओळखक्रमांक लहान, त्याचा शून्य बिट तारेवर टिकतो. दुसरा ते पाहून माघार घेतो आणि जिंकलेला संदेश अखंड पुढे जातो. याचा परिणाम मोजून पाहू. तीस उपकरणे, दोन्हीकडे वेग ५० किलोबिट. मॉडबसवर एका उपकरणाचे एक रजिस्टर वाचायला प्रश्न-उत्तराचे १५ बाइट आणि मधली सक्तीची शांतता धरून सुमारे ७ मिलिसेकंद जातात. तिसांची फेरी पूर्ण व्हायला सुमारे २०० मिलिसेकंद, उपकरणाचा स्वतःचा विलंब न धरता. ही उपकरणे बॅटरीची असतील आणि एखाद्या सेलचे तापमान धोक्याच्या वर गेले, तर ती बातमी एवढा वेळ अडकू शकते. कॅनवर सर्वाधिक प्राधान्याच्या संदेशाला फार तर आधीच सुरू झालेली एक फ्रेम संपेपर्यंत थांबावे लागते. ११ बिटांच्या ओळखक्रमांकाची सर्वांत लांब फ्रेम १३५ बिटांची धरली तरी ते २.७ मिलिसेकंद होतात. तार तेवढीच, वेग तेवढाच.

यावर आक्षेप येतो की हे सगळे सॉफ्टवेअरने साधता येते. टोकन फिरवून आरएस-४८५ वर अनेक मास्टर चालवता येतात, प्रोफिबस तेच करते. हे खरे आहे. पण टोकनमुळे टक्कर टळते, वाट पाहणे टळत नाही. आणि टोकन हरवले तर काय करायचे, तेही लिहून तपासावे लागते. चुकलेला संदेश पकडणे, तो पुन्हा पाठवणे, प्रत्येक नोडच्या चुका मोजत राहणे आणि मोजणी २५५ च्या वर गेली की त्या नोडला बसवरून दूर करणे ही कामे कॅन कंट्रोलर हार्डवेअरमध्येच करतो. आरएस-४८५ ची चिप स्वस्त असते. ही कामे प्रोग्रॅमरने पुन्हा करायची म्हटली तर ती स्वस्ताई कुठे उरते? कॅनलाही मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे : बिघडलेला नोड जर बिनचूक फ्रेममध्ये, लहान क्रमांकाने अखंड बडबडू लागला, तर त्याला ही मोजणी अडवत नाही.

दोन तारा आहेत, मग ग्राउंड कशाला, हा समज मात्र दोन्ही बाजूंना सारखाच महागात पडतो. आरएस-४८५ च्या रिसीव्हरला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचाच समाईक फरक झेलता येतो. दोन इमारतींच्या ग्राउंडमध्ये त्याहून जास्त तफावत असू शकते, आणि तिथे आयसोलेशनच लागते, मानक कोणतेही असो.

आरएस-४८५ टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. वीजमीटर वाचायचे असतील तर कोणत्याही मीटरला आपणहून काही सांगायचे नसते. विचारले तेव्हा दोनशे बाइटचा एक सलग गठ्ठा दिला की झाले. कॅनच्या जुन्या रूपात एका फ्रेममध्ये आठच बाइट मावतात, त्यामुळे तोच गठ्ठा किमान पंचवीस तुकड्यांत पाठवावा लागेल आणि तारेवर बिटही जास्त जातील. रंगमंचाच्या दिव्यांना लागणाऱ्या डीएमएक्स-५१२ मध्ये बोलणारा एकच असतो, बाकी सगळे ऐकणारे. तिथे प्राधान्य ठरवण्याची यंत्रणा काय कामाची? सौर प्रकल्पात मीटर आरएस-४८५ वर असावेत आणि बॅटरीची मॉड्यूल कॅनवर. एकाच खोलीत दोन प्रकारच्या तारा नकोत म्हणून सगळे एकाच मानकावर ओढायचा आग्रह धरला, तर त्याचा भार धोक्याची सूचना द्यायची असलेल्या मॉड्यूलवर पडतो.